तसं काही खास नाही

“अगं, हा शब्द मी कोर्टात कसा पाठवू?”

कुमुदताईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझा कागद टेबलावर दोन बोटांनी लांब सारला.

“कुठला?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. अख्ख्या दोन पानांत तसा शब्द तो एकच होता.

“हा. डिसगस्ट. ‘द मदर फील्स डिसगस्ट.’ सहा वर्षांच्या पोरीची किळस? आणि ती आईला?”

“मूळ स्पॅनिशमध्ये तसंच आहे, ताई.”

“तिथे असेल. म्हणून आपणही तसंच्या तसं लिहायलाच हवं का?”

दोन हजार सहाचा फेब्रुवारी होता. पुण्यातल्या एका बालसदनाचं ऑफिस. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. कुमुदताई तिथल्या प्रमुख. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून इथे येऊन बसल्या. मी एकतीस वर्षांची होते. सकाळी स्पॅनिश शिकवायची, दुपारी भाषांतरं करायची आणि स्वतःला फार हुशार समजायची.

संस्थेतली काही मुलं स्पेनला दत्तक जात. गेल्यावर पहिली दोन वर्षं तिथली समाजसेविका त्या घरी अधूनमधून जाऊन येई आणि अहवाल लिही. तो स्पॅनिशमध्ये इथे येई. मी त्याचं इंग्रजी करायचं, खाली ‘हे भाषांतर खरं आणि मुळाला धरून आहे’ असं लिहून सही करायची, आणि मग ते कागद कोर्टात नि सरकारी कचेरीत जायचे. बहुतेक अहवाल जांभया देत वाचण्यासारखे. वजन इतकं वाढलं, दात पडला, शाळेत रमली, ऑलिव्ह आवडत नाहीत, दूध आवडत नाही, वरचा मजला आवडत नाही. ‘आवडत नाही’ याच्या पलीकडे कुणी फारसं जात नसे.

कृत्तिकाचे अहवाल मात्र पुढे पुढे जात होते.

कुमुदताईंची एक पद्धत होती. मूल ज्या दिवशी संस्थेत येईल त्या दिवशीचं नक्षत्र पंचांगात पाहायचं आणि तेच नाव ठेवायचं. त्यामुळे संस्थेत दोन रोहिणी, तीन रेवती आणि एक बिचारा पुनर्वसू होता. कृत्तिका तशीच नक्षत्रावर आलेली. साडेचार वर्षांची असताना सारागोसा शहरातल्या मारिबेल आणि होआकीन या जोडप्यानं तिला नेलं. निघायच्या दिवशी बुटात पाय घालायला तयार होईना, सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं पोरीनं. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

पहिल्या अहवालात समाजसेविकेनं, म्हणजे नुरियानं, लिहिलं होतं, की मुलीला आंघोळ घालताना आईला ‘रेपारो’ वाटतो. रेपारो म्हणजे संकोच. आई नवी, मूल नवं, वाटणारच. मी ‘हेझिटेशन’ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

दुसऱ्या अहवालात शब्द आला ‘ग्रिमा’. पाटीवर नख ओढलं की दात शिवशिवतात आणि मानेपासून काटा सरसरत जातो, ती ग्रिमा. मारिबेलला ती मुलीच्या कातडीचा स्पर्श झाला की यायची. त्या शब्दापाशी मी चांगली अर्धी दुपार बसले होते.

माझी एक खोड सांगायला हवी. स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना मी आधी मराठीत उतरते. इथे तर उतरायलाच नको इतकं ते जवळ होतं. आपल्याला किळस येते, शिसारी येते, काटा येतो. आपण काही करत नाही, ते आपलं बाहेरून चालत येतं. स्पॅनिशमध्येही तसंच, समोरची वस्तूच माणसाला किळस देते. इंग्रजीत मात्र माणसाला स्वतः पुढे होऊन ‘आय डिसलाइक’ म्हणावं लागतं. मारिबेलच्या तोंडी ते वाक्य घातलं, की ती एकदम गुन्हेगार दिसायला लागायची. मला त्या बाईची दया आली. शिवाय आमच्या धंद्यातला पहिला नियम मी गिरवून गिरवून पक्का केला होता: एका गोष्टीला एका कागदात जो शब्द दिला तोच पुढेही चालवायचा, वाचणाऱ्याला ठेचा लागू द्यायच्या नाहीत. ‘तुमचं भाषांतर कसं गुळगुळीत असतं’ असं लोक म्हणत आणि मी खूश होई. तेव्हा ग्रिमाच्या जागी मी लिहिलं, ‘सम हेझिटेशन कंटिन्यूज’.

आणि आता तिसऱ्या अहवालात ‘आस्को’ आला. आस्कोला पळवाट नाही. स्पेनमधलं शेंबडं पोरही तो शब्द नासक्या माशाला नि मेलेल्या उंदराला वापरतं. तो मात्र मी खरा लिहिला होता, आणि कुमुदताई नेमक्या त्याच्यावरच बोट ठेवून बसल्या होत्या.

“मागच्या दोन्ही वेळी हेझिटेशन,” त्यांनी फाइलमधली जुनी पानं काढून शेजारी शेजारी मांडली. “सहा महिन्यांत संकोचाची किळस कशी होते गं? मधे काहीतरी झालं असणार. काय झालं?”

मधे ग्रिमा झाली होती. ती माझ्याच हातानं गाडलेली होती. ‘ताई, मागच्या वेळी मी शब्द सौम्य केला,’ एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या मागे माझी सही होती. मुळाला धरून आहे म्हणून केलेली.

“नुरियाची भाषा जरा तिखट आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे बाई राईचा पर्वत करते?”

“असेलही.”

कुमुदताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात जेवणाच्या ताटल्या मांडल्याचा आवाज येत होता, आणि कुठलीशी रेवती दुसऱ्या रेवतीच्या नावानं बोंबलत होती.

“अनुराधा आठवते तुला?”

आठवत होती. एका घरी दिली आणि दहा महिन्यांनी परत आलेली मुलगी. तिनं आपली पिशवी कधी सोडलीच नाही. वर्षभर रोज सकाळी ती भरलेली पिशवी घेऊन फाटकाच्या पायरीवर बसायची.

“परत आलेल्या मुलाला कोण घेतं?” कुमुदताई म्हणाल्या. “लोक विचारतात, आधीच्यांनी का सोडली? या पोरीला तर तिथली भाषा आली, इथली गेली असणार. इथे आणून टाकली तर कुणाशी बोलेल ती? नुरियानं खाली काय विचारलंय ते तूच लिहिलंयस. मूल याच घरी ठेवावं की नाही, संस्थेनं मत कळवावं. आता हा शब्द वर गेला, तर मत देणारी मी कोण? ते काढूनच घेतील तिला.”

“पण ताई...”

“दगडापेक्षा वीट मऊ, बाई. आई आज जवळ घेत नसेल, उद्या घेईल. लळा लागायला वेळ लागतो. मला माझ्या धाकट्या नणंदेला लळा लावायला सात वर्षं लागली होती.” त्या हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. “पण मला एक सांग, आणि नीट बघून सांग. ही किळस म्हणजे नेमकं काय करते ती बाई? मारते? उपाशी ठेवते? कोंडते? नुरियानं काही उदाहरण दिलंय का?”

मी स्पॅनिश कागदाचं दुसरं पान उलटलं. वाचल्यासारखं केलं.

“मारत नाही असं स्पष्ट लिहिलंय. जेवण, शाळा, डॉक्टर, सगळं वेळच्या वेळी.”

“हे इथे तू लिहिलंयस, आई स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर आहे. ते चांगलंच की. आणखी?”

“तसं काही खास नाही,” मी म्हटलं.

कुमुदताईंनी सुटकेचा श्वास टाकला. इतका मोकळा, की मलाही क्षणभर बरं वाटलं.

“मग मऊ कर तो शब्द.”

तिथेच, त्यांच्याच पेनानं, मी डिसगस्ट खोडलं आणि वर ‘रिलक्टन्स’ लिहिलं. मऊ, तीन अहवालांना शोभेल असं. संध्याकाळपर्यंत टाइप करून सही केली. कुमुदताईंनी मत लिहिलं, की मूल याच घरी राहावं. पुढे नुरियाच्या जागी दुसरं कुणीतरी आलं आणि त्यांचे अहवाल चार-चार ओळींचे, सगळं ठीक असल्याचे येऊ लागले. दोन वर्षं संपली, फाइल कपाटात गेली.

तेरा वर्षांनी, एप्रिलमध्ये, संस्थेतून फोन आला. कृत्तिका पुण्याला येतेय, एकोणीस वर्षांची झाली आहे, तिला कुमुदताईंना भेटायचंय, दुभाषी हवा.

नाही म्हणता आलं असतं. स्पॅनिश जाणणारे आता पुण्यात पैशाला पासरी आहेत. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला पाठवलं तर तो काय बोलेल, काय ऐकेल, हे मला कळणारच नाही. म्हणून गेले.

कुमुदताई तोवर सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. संस्थेचं काम सोडूनही पाच वर्षं झाली होती, पण या भेटीसाठी रिक्षा करून आल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, हातात राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. तेच ऑफिस, तेच टेबल, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. कृत्तिका उंच, सडपातळ. लांब बाह्यांचा राखाडी शर्ट, केस अगदी बारीक कापलेले. ती टेबलाच्या पलीकडे खुर्ची जरा मागे ओढून बसली. माझ्याकडे पाहून ओळखीचं काही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. येणार तरी कसं? माझं नाव फक्त इंग्रजी कागदांवर होतं.

दुभाष्यानं ‘ती म्हणते’, ‘त्या म्हणतात’ असं करायचं नसतं. जो बोलतो त्याचा ‘मी’ आपण उचलायचा आणि स्वतः खोलीत नसल्यासारखं बसायचं. मला ते छान जमतं.

आधी इकडचं तिकडचं झालं. शिक्षण, प्रवास, इथलं ऊन. लाडू तिनं खाल्ला. मग तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले दोन कागद काढले.

“हे मला नुरियानं दिले,” ती म्हणाली. “ती आता म्हातारी झालीय. मीच तिला शोधून काढलं. माझी आई मी दहा वर्षांची असताना घर सोडून गेली, तुम्हाला कळलं असेल. बाबांनी वाढवलं मला. आई वाईट नव्हती. कधी मारलं नाही, मला आवडतं म्हणून रविवारी भात करायची. पण ती मला आंघोळ घालताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायची. पिवळे, कोपरापर्यंतचे. केस विंचरतानाही. आणि रडायची. मला वाटायचं, सगळ्याच आया घालतात. शाळेत एका मैत्रिणीच्या घरी राहायला गेले, तेव्हा कळलं.”

हे सगळं मी मराठीत कुमुदताईंना सांगत होते. ‘मी’ म्हणून सांगत होते. माझा आवाज कसा काय सरळ राहिला कोण जाणे.

कुमुदताईंचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “तिला सांग, आम्हाला यातलं काही कळलं असतं तर मी स्वतः आले असते गं तिला आणायला. कुणी कळवलंच नाही आम्हाला.”

मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

कृत्तिकानं कागद पाकिटातून काढला, आमच्या दिशेनं फिरवला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. दुसरं पान, वरून तिसरी ओळ.

“कळवलं होतं,” ती म्हणाली. “मी भांडायला आलेले नाही. मला फक्त विचारायचंय, की हे इथे कुणी वाचलं होतं का? एका तरी माणसाला माहीत होतं का?”

“काय आहे त्यात?” कुमुदताईंनी मला विचारलं. “वाच बघू.”

ती ओळ वाचायला मला कागदाची गरज नव्हती. तेरा वर्षं ती माझ्याबरोबर होती. घरात मी रबरी हातमोजे आणू देत नाही, कामवालीचे हात साबणानं फुटले तरी आणू देत नाही, आणि का ते तिला सांगतही नाही. तेव्हा, पहिल्यांदा वाचली त्या दिवशी, मी स्वतःशी एक सौदा केला होता. आस्को खरा लिहायचा आणि त्या बदल्यात ही एक ओळ झाकायची. ‘आई स्वच्छतेच्या बाबतीत काटेकोर आहे,’ असं मी हिचं इंग्रजी केलं होतं. मग आस्कोही गेला आणि हातात काहीच उरलं नाही.

कृत्तिकाला मराठी येत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण तिचं बोट ओळीखाली होतं, नख अगदी मुळापर्यंत कापलेलं. मी वाचलं.

“‘मुलीला आंघोळ घालताना आणि तिचे केस विंचरताना आई भांडी घासायचे रबरी हातमोजे घालते. तिला मुलीच्या कातडीची किळस येते, असं तिनं मला रडत सांगितलं. मी निघाले तेव्हा मुलगी दारापर्यंत आली आणि तिनं मला विचारलं, माझ्या अंगाला काय लागलंय?’”

पंखा कुरकुरत होता. कुमुदताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“हे तेव्हाच्याच अहवालात होतं?”

“हो.”

“मी तुला विचारलं होतं, यामिनी.”

“हो, ताई.”

“नीट बघून सांग म्हटलं होतं.”

कृत्तिका आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती.

“काय म्हणाल्या त्या?” तिनं मला विचारलं.

“तारीख विचारत होत्या,” मी म्हटलं.

कुमुदताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सहन केलं असतं. पण कच्च्या मुलाचा पेपर हातात आल्यावर पाहावं, तसं त्यांनी पाहिलं. मग त्या कृत्तिकाकडे वळल्या.

“तिला सांग, माहीत होतं. कागद या टेबलावर आला होता. तुला तिथेच ठेवा, असं इथून लिहून गेलं. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. चूक माझी आहे.”

मी सांगितलं. आमच्या नियमाप्रमाणे, ‘मी’ म्हणून. चूक माझी आहे, असं मी कृत्तिकाच्या तोंडावर, तिच्या भाषेत, अगदी स्पष्ट उच्चारलं, आणि ऐकताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कुमुदताईंकडे पाहत होती. पुढे फक्त एक वाक्य माझं स्वतःचं जोडायचं होतं. ते ओठांवर आलं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले.

“बरं,” कृत्तिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा सैल झाला होता. “कुणाला तरी माहीत होतं, एवढंच हवं होतं मला. मला कधीकधी वाटायचं, मीच मनानं रचलंय सगळं.”

हेही मी कुमुदताईंना सांगितलं. त्या खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या, टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

“ये गं, बाळा.”

हे भाषांतर करावं लागलं नाही. कृत्तिका उठून उभी राहिली. पण हात देण्याआधी तिनं दोन्ही बाह्या सरसर खाली ओढल्या, बोटं पुरती आत जाईपर्यंत, आणि मग ते कापडात गुंडाळलेले हात कुमुदताईंच्या हातांत दिले. ओढता ओढता ती काहीतरी बोलली. सहज, हसत, आपण जिन्यात ‘जपून हं’ म्हणतो तसं.

“काय म्हणाली?” कुमुदताईंनी मला विचारलं.

ती म्हणाली होती, “असं धरा, म्हणजे किळस यायची नाही.”

शब्द तोच होता, आस्को. मी कुमुदताईंकडे पाहिलं. मघाची तीन वाक्यं ऐकून त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं होतं, ते माझ्यासमोर होतं.

“थंडी वाजतेय म्हणाली,” मी सांगितलं.

“थंडी? एप्रिलात?” कुमुदताई म्हणाल्या. “परदेशातली मुलं, त्यांचं शरीरच वेगळं.” त्यांनी तिचे झाकलेले हात एकदा चोळले, ऊब यावी म्हणून. मग भिंतीपाशी गेल्या आणि पंखा बंद केला.

खोली क्षणात तापली. कृत्तिकाच्या कपाळावर घाम आला. तिनं वर स्थिर होत चाललेल्या पात्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“पंखा का बंद केला त्यांनी?”

“त्यांना वारा सोसत नाही,” मी म्हटलं.